काच काढलेला दिवा

आबा, मला तुमचे हात आठवतात. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळवंडलेली, मधेमधे तांबूस डाग, आणि दुमडलेल्या बाहीच्या वर तुम्ही चांगले गोरे. सिनेमाच्या स्टुडिओतले मोठे आर्क दिवे तुमच्याकडे होते. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या की मधे पांढरी ज्योत पेटायची, पोळं उठल्यासारखा आवाज यायचा, आणि तुम्ही काळ्या काचेचा तुकडा डोळ्यांपुढे धरून कांड्या सारख्या करायचात. तो तुकडा सदोदित तुमच्या खिशात असे.

मी आठ वर्षांची होते. पौराणिक चित्रात तपाला बसलेल्या छोट्या राजपुत्राचं काम करणारा मुलगा गोवराने आजारी पडला, तेव्हा तुम्हीच स्टुडिओच्या मालकांना म्हणालात, "आमची पोरगी बगा की. डोळं केवढं हायत!" माझे केस कापले म्हणून आई तुमच्याशी बोलेनाशी झाली, आणि मी मात्र रंकाळ्यावरून तुमचं बोट धरून राजपुत्रासारखी चालत स्टुडिओत आले. त्या दिवशी सकाळी देव प्रकट व्हायचा होता. देव झालेल्या नटाचं काम नंतर वेगळं घेणार होते. माझ्यापुढे देवाच्या जागी तुमचा दिवा होता, उंच तिवईवर, अगदी जवळ.

मालक म्हणाले, "उजेड मिळमिळीत वाटतोय. देव आलाय का कंदील?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही शिडीवर चढलात आणि दिव्याच्या तोंडावरची जाड काच काढून खाली दिलीत. मग मला म्हणालात, "आता वर बग. डोळं मिटायचं न्हाय. देव हाय त्यो."

"भाजंल का, आबा?"

"न्हाय गं. ऊन पडल्यावानी वाटंल."

आणि खरंच तसंच वाटलं. नुसतं कोवळं ऊन. तुम्ही बाही खाली ओढलीत, तोंड फिरवलंत आणि काळी काच डोळ्यांपुढे धरलीत. दुपारपर्यंत मी त्या ज्योतीकडे भक्तिभावाने बघत राहिले. मालकांनी आधी तुमची पाठ थोपटली, मग माझी.

दिवेलागणीला डोळ्यांत कुणी वाळू ओतल्यासारखं झालं. पापण्या उघडेनात, मिटवेनात. चेहरा, गळा, छाती लालभडक. आई काकडीचे काप ठेवत होती आणि ओरडत होती, "काय केलंसा हे? पोटच्या पोरीला भाजून आणलंसा!"

"उतरंल," तुम्ही ताटावरून म्हणालात. "आमचं किती डाव झालंय. उद्याचा एक शॉट ऱ्हायलाय."

"उद्या? डोळा उघडंना तिचा!"

"उघडंल की. मालक खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला खांद्यावर टाकून नेलंत. सोललेल्या गालांवर रंगाचा थर बसला. रंगवणाऱ्याने एकदा तुमच्याकडे बघितलं, तुम्ही म्हणालात, "जरा जाड लाव." मग पुन्हा तीच ज्योत, तीही बिनकाचेची, कारण उजेड कालच्यासारखाच हवा होता. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मालक हळूच म्हणाले, "वा! कशी रडतीय बघा पोर. थांबवू नका." मी "आबा" म्हणून ओरडले. तुम्ही वर कांड्या सारख्या करत होतात. चित्रात त्या जागी शंख वाजतो.

थिएटरात त्या प्रसंगाला बायका पदराने डोळे पुसत होत्या. तुम्ही माझ्याकडे वाकून विचारलंत, "कसा पडलाय उजेड?" मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, लाजले.

पुढे कॉन्व्हेंटात विज्ञानाच्या तासाला सिस्टरनी खोली अंधारी करून लोलकातून ऊन पाडलं. भिंतीवर सात रंग उमटले. जांभळ्याच्या पुढे भिंत कोरी होती. त्या कोऱ्या जागी त्यांनी फोटोच्या कागदाची पट्टी धरली, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे पट्टी काळी पडली. त्या म्हणाल्या, हा प्रकाश दिसत नाही, पण पदार्थाच्या आत शिरून जुळलेलं तोडतो. कातडीतल्या पेशी, बुबुळावरचा पातळ पापुद्रा, सगळ्यांवर घाव घालतो. लागतो तेव्हा कळत नाही. आग काही तासांनी उठते. साधी काच त्यातला सगळ्यात भाजणारा भाग अडवते. बाकीच्या मुली टिपून घेत होत्या. मी गालाला हात लावून बसले होते.

त्याच संध्याकाळी तुम्हाला विचारलं. काच कशासाठी असते, ते तुम्हाला ठाऊक होतं का? माझी फार इच्छा होती की तुम्ही नाही म्हणावं. खोटं बोलला असतात तरी मी ते आयुष्यभर जपलं असतं.

"ठावं हुतं की," तुम्ही म्हणालात. चहा फुंकत होतात. "काचंनं उजेड मरतोय."

"आणि मी?"

"तुला काय झालंय? दिसतंय न्हवं?"

दिसतंय, आबा. अजूनही चांगलं दिसतं. मुलं म्हणतात, आजोबांविषयी काही लिहून ठेव, ते सिनेमातले होते. मी त्यांना तुमचं रंकाळ्यावरचं चालणं सांगते, परत येताना घेऊन दिलेल्या भाजलेल्या कणसांचं सांगते, तुमच्या खांद्यावर आलेली झोप सांगते. ते सगळं खरं आहे आणि त्याच्यावर माझा अजून जीव आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या हातांवरून मीच पाणी घातलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तुम्ही थिएटरात विचारलं होतंत. उजेड फार सुंदर पडला होता. तुम्ही जिवंत असतात तर हे मी तुम्हाला आजही सांगितलं नसतं.