बरोबरच्या दहा खुणा

आई, गेल्या रविवारी तुझी ती विद्यार्थिनी भेटली. तिला विद्यार्थिनी म्हणावं की तुझी वर्गमैत्रीण, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. आपल्या गाझियाबादच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिलेली, हिंगोलीकडची, तेल लावून घट्ट वेणी घालणारी ती मुलगी. आता तिचे केस आखूड आहेत, अर्धे पिकलेत, आणि ती इथेच दिल्लीत एका मंत्रालयात अधिकारी आहे. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी मंडळाने कार्यक्रम ठेवला होता. परीक्षेच्या तयारीसाठी गावाकडून दिल्लीत आलेल्या मुलामुलींना इंग्रजीची भीती कशी घालवायची ते कुणीतरी सांगावं, म्हणून तिला बोलावलं होतं. मी चहाचं बघत होते. तिने माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य बोलली, "मला इंग्रजी एका क्लार्क बाईंनी शिकवलं. त्यांचं स्वतःचंही कच्चंच होतं. आम्ही दोघी मिळून शिकलो." मुलं हसली. मी हातात थर्मास धरून तशीच उभी राहिले. माझ्या आईची गोष्ट एक परकी बाई हॉलभर लोकांना सांगत होती, आणि ती गोष्ट मला तिच्याइतकी चांगली सांगता आली नसती.

तू गेलीस त्याला आता सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कधी पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहायला बसले ते प्रेमाने बसले असं म्हणवत नाही. बसले ती जळफळाटाने.

बाबा नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्याच मंत्रालयात तुला अनुकंपा तत्त्वावर क्लार्कची जागा मिळाली. सांगलीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली तू, बारा वर्षं फक्त घर सांभाळलेलं, आणि एकदम डाक विभागातल्या टेबलावर जाऊन बसलीस. हिंदी तुला येत होतं. इंग्रजीचं असं होतं की वाचलेलं सगळं कळायचं, पण लिहायला घेतलं की हात थांबायचा. वरच्या पदासाठी खात्याची परीक्षा द्यायची तर त्यात इंग्रजी मसुद्याचा पेपर. मी तोवर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आले होते, पहिलीपासून इंग्लिश मिडियममध्ये शिकलेली. तू सुरुवातीला माझ्याकडेच यायचीस. "हे जरा बघून दे गं," म्हणून कागद पुढे करायचीस. मी बघायचे, पण उसासा टाकत, पेन आपटत, "आई, यार, हे तर पाचवीतल्या मुलांना येतं" असं म्हणत.

त्या दिवशी माझ्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. तू पोह्यांच्या बश्या घेऊन आलीस आणि त्यातल्या एकीला मुद्दाम इंग्रजीत विचारलंस, "यू आर हॅविंग टू ब्रदर्स, नो?" ती नीट उत्तर देऊन मोकळी झाली. तू आत गेलीस आणि मी तुझी नक्कल केली. चेहऱ्यासकट केली. सगळ्या खिदळल्या. त्या गेल्यावर तू ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून बश्या विसळत होतीस. वळलीही नाहीस. म्हणालीस, "हसायचं तर समोर हस. म्हणजे कुठे चुकलं ते तरी कळेल मला." बस्स, एवढंच. त्यानंतर तू माझ्यापुढे कागद धरला नाहीस. मला वाटलं, सुटले.

महिन्याभराने ती हिंगोलीची मुलगी आली. मराठी घरमालकीण म्हणून तिने ती गच्चीवरची खोली घेतली. तिच्या परीक्षेतही इंग्रजीचा सक्तीचा पेपर होता आणि तिला त्याचीच धास्ती होती. तुमचं दोघींचं कसं जमलं मला माहीत नाही. मी एका सकाळी साडेपाचला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. तू पोळ्या लाटते आहेस, ती स्टुलावर बसली आहे, आणि व्याकरणाचं ते जाड पुस्तक मसाल्याच्या डब्याला टेकवून उभं केलं आहे. मागच्या उत्तरांच्या पानांना कपड्यांचे चिमटे लावलेत, म्हणजे कुणी चोरून बघायला नको. तू वाक्य सांगतेस, ती चूक काढते. ती सांगते, तू काढतेस. अडलं की चिमटा काढायचा आणि उत्तर बघायचं. आणि तू हसते आहेस, आई. स्वतःच्या चुकीवर तू पोट धरून हसते आहेस. बाबा गेल्यावर मी तुला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढे ते रोजचंच झालं. मी पलंगावर डोळे मिटून पडलेली असायचे आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज यायचा. पुस्तकातली वाक्यं संपली की तुम्ही स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं करायचात, सरावासाठी. एकदा तू म्हणालीस, "आय हॅव नेव्हर सीन द सी." ती म्हणाली, "वाक्य बरोबर आहे काकू. पण खरंच? समुद्र नाही बघितला?" तू म्हणालीस, "नाही गं. लग्नानंतर जायचं ठरलं होतं गणपतीपुळ्याला. मग दिल्लीची बदली आली." मी उठून बसले. एकोणीस वर्षं तुझ्या पोटची पोर असून मला हे माहीत नव्हतं, आणि गच्चीवरच्या भाडेकरणीला ते व्याकरणाच्या निमित्ताने कळलं होतं. तिला चुरम्याचा लाडू आवडतो हे तुला ठाऊक झालं. तुझ्या डब्याबरोबर तिचा डबा भरला जाऊ लागला. ती आजारी पडली तेव्हा तू रजा टाकलीस. माझ्या वेळी शेजारच्या पंजाबी आंटींना सांगून गेली होतीस, तेही तुझी नोकरी नवी होती म्हणून. पण असला हिशोब मी तेव्हा सरळ मनाने कधीच केला नाही. मला फक्त एवढं दिसायचं की माझी जागा कुणीतरी घेतली आहे आणि ती आधी मीच रिकामी करून दिली होती.

मग परीक्षेच्या आधीचा रविवार आला. हे मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. तू माझ्या खोलीच्या दारात उभी राहिलीस, आत न येता. हातात फुलस्केप कागद. म्हणालीस, "ऑफिसच्या मसुद्यात लागतील अशी दहा वाक्यं केलीत. पुस्तकात याची उत्तरं नाहीत. वेळ असेल तर नुसत्या खुणा कर. बरोबर की चूक, बाकी काही लिहू नकोस." किती दिवसांनी तू माझ्याकडे आली होतीस. मी कागद घेतला. तिसरं वाक्य होतं, 'धिस मॅटर इज पेंडिंग सिन्स थ्री मन्थ्स.' सरळ चूक. मराठीत सोमवारपासून म्हटलं काय आणि तीन महिन्यांपासून म्हटलं काय, दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत सोमवारला सिन्स लागतं आणि तीन महिन्यांना फॉर, आणि दोन्हीकडे 'इज'चं 'हॅज बीन' होतं. आपल्या माणसांची ही नेहमीची चूक. सहाव्या वाक्यात 'फाइल्स'ऐवजी 'वन ऑफ द फाइल', नवव्यात नको असलेलं अबाउट घालून 'डिस्कस अबाउट'. मला तिन्ही चुका पहिल्या नजरेत दिसल्या. कागदाच्या कडेला पेन्सिलीने तिने तिसऱ्या वाक्यापाशी बारीक अक्षरात 'फॉर?' असं लिहिलं होतं. म्हणजे आधी तिला दाखवलं होतंस. मी दुसरी होते.

मी दहाही वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. लाल पेनाने, ठळक.

संध्याकाळी तुम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना बोलत होतात, ते मी जिन्यात उभी राहून ऐकलं. ती म्हणत होती, "काकू, तिसऱ्यात मला अजून शंका आहे. एकदा पुस्तकातला नियम बघू या ना." आणि तू म्हणालीस, "अगं, तिने तपासलंय. माझी लेक लहानपणापासून इंग्लिश मिडियमची आहे. तिचं नाही चुकायचं." तुझ्या आवाजात असा काही अभिमान होता की मला क्षणभर जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगते, आनंदच झाला होता मला. मग तू चादरीची घडी घालायला तिला दुसरं टोक धरायला सांगितलंस, आणि मी खाली निघून आले. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या सकाळीसुद्धा मी तुला सांगू शकले असते. तू देवापुढे हात जोडून निघालीस तेव्हा मी दारात होते. "ऑल द बेस्ट, आई," एवढंच म्हटलं.

निकाल लागला तेव्हा तू ऑफिसमधून आलीस, चपला काढल्यास, कुकरला डाळ लावलीस. मग म्हणालीस, "राहिलं या वेळी. बाकी सगळं निघालं. मसुद्यात गेलं." त्या एकाच प्रकारच्या चुकीने कुणी नापास होत नाही, हे मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. पण पेपर सुटल्यावर तू तिला आठवून सांगत होतीस ते मी ऐकलं होतं. 'सिन्स' तू तीन ठिकाणी वापरलं होतंस, अगदी खात्रीने. पुढच्या वर्षी तू पास झालीस. तोवर तिचं इंग्रजी सुधारलं होतं, तिला दुसऱ्या एका परीक्षेतून नोकरी लागली आणि ती खोली सोडून गेली. जाताना तू तिला मिठी मारून रडलीस. मी माझ्या खोलीत अभ्यास करत होते, म्हणजे पुस्तक उघडं होतं.

आज मी गुरुग्रामला एका कंपनीत लोकांनी लिहिलेलं इंग्रजी दुरुस्त करते. रोज कुणाचं तरी 'सिन्स' काढून 'फॉर' घालते. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅम चूक दाखवताना कधी हसत नाहीत. ते कुठून आलं हे त्यांना कसं सांगणार?

कार्यक्रम संपल्यावर ती चहा घ्यायला आली. माझ्याकडे बघत राहिली. "तू काकूंची..." म्हणाली आणि माझा हात धरला. मग आम्ही हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो. तिने तुझ्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. मी हो, हो, अच्छा, करत राहिले. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "त्या दहा वाक्यांच्या खुणा मी मुद्दाम तशा केल्या होत्या. आईला कधी सांगितलं नाही."

ती जराही दचकली नाही. म्हणाली, "काकूंना माहीत होतं. निकालानंतर आम्ही तो कागद काढून बसलो होतो. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, तीन चुका एका वेळी नजरेतून सुटायच्या नाहीत हिच्या. पोरगी माझ्यावर रागावली आहे." तिने चहाचा कप पायरीवर ठेवला. "मी म्हटलं, मग विचारा ना तिला. तर म्हणाल्या, नको. कबूल करायला लागलं तर तिला परत माझ्यासमोर बसता यायचं नाही. तू पण काही बोलू नकोस."

आई, हे ऐकून मी हलकी व्हायला हवी होते. तिला वाटलं मी रडते आहे, ती पाठीवरून हात फिरवत होती. पण माझ्या मनात एकच गोष्ट होती. माझ्या चुकीबद्दलसुद्धा तू तिच्याशीच बोललीस. माझा अपराध तिने अठ्ठावीस वर्षं सांभाळला, माझ्यासमोर कधी काढला नाही, आणि तुला दिलेला शब्द पाळला. तुझ्या माझ्यामधली ही एवढी एकच खाजगी गोष्ट होती असं मी धरून चालले होते. तिथेही ती आधीच येऊन बसली होती. तू मला माफ केलंस हे मला दुसऱ्याच्या तोंडून का कळावं? एकदा रागावली असतीस तर? तो लाल खुणांचा कागद माझ्या तोंडावर फेकला असतास तर मी तुला सगळं नीट समजावून दिलं असतं. सिन्स, फॉर, सगळं. बसले असते तुझ्याजवळ त्या स्टुलावर, सकाळी साडेपाचला.

की नसते बसले? तू ओळखत होतीस मला. म्हणूनच गप्प राहिली असशील.

हे कुठे पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिते आहे, संपलं की पुसून टाकीन. फक्त एक गोष्ट राहिली. निघताना तिने मला विचारलं, "काकूंचा एखादा फोटो आहे का गं तुझ्याकडे? माझ्याकडे एकही नाही." तिने मोबाइल पुढे केला होता, नंबर सांग म्हणून. मी म्हटलं, घर बदलताना सगळे हरवले. आई, माझ्याकडे तुझे चाळीसएक फोटो आहेत.