घुबडाचं पान

मंगळवार, संध्याकाळ

समोरच्या पवारांनी आज आमच्या पाइपांच्या डक्टमधल्या घुबडाला बांबूनं ठेचून मारलं. खाली पडल्यावरही मारतच होते. घुबड बसलं की घरात मयत होते म्हणे.

नात जुई मध्ये उभी, गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं पक्ष्यांचं पुस्तक उघडून. पानावर कापलेल्या सफरचंदासारखा तो पांढरा चेहरा. तिला वाटलं, छापलेलं दाखवलं की मोठी माणसं थांबतात.

"काका, हे गव्हाणी घुबड आहे. उंदीर खातं. बघा ना!"

"सरक गं. पुस्तकातलं पुस्तकात!"

शेवटच्या घावाचं रक्त त्या पानावर उडालं. जुईनं वीट उचलून त्यांच्या पायावर घातली. मी ओरडायला हवं होतं. उलट बरं वाटलं, देवा.

मग डक्टमधून फुसफुस सुरू झाली. त्याच पानावर लिहिलंय, भुकेली पिल्लं अशीच फुसफुसतात. तेवढ्यात दारात पवार, लंगडत, हातात तोच बांबू.

"काकू, नात गुंड झालीय तुमची. आणि हा आवाज कसला? अजून आहे का आत?"

खोटं बोललं की माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर तळव्यावर पट्टी मारायच्या. माझा हात आपोआप पाठीमागे गेला.

"नाही हो. आमच्या कुकरचं गास्केट गेलंय."

ते गेल्यावर खरंच कुकरमध्ये पाणी घालून, शिट्टी न लावता गॅसवर ठेवला. पिल्लांसाठी नर भक्ष्य आणतो, असं रक्ताच्या डागाखाली वाचता येतंय. अंधार पडतोय. जुई खिडकी सोडत नाही.

"आजी, तो येईपर्यंत कुकर बंद करू नकोस."