उजव्या पानावरची सही

प्रिय ठके,

काल टपालानं तीन वस्तू आल्या. सरकारी शिक्क्याचं पत्र, छातीला लावायचा बिल्ला, आणि दोन तिकिटं: एक माझं, एक सोबत येणाऱ्या घरच्या माणसाचं. खर्च काही नाही, टपालवाल्याला अर्धा कप चहा दिला तेवढाच. एवढं सगळं फुकट आलं की मी पाकिटावरचं नाव दोनदा वाचते, तुला ठाऊकच आहे.

मनाच्या दुखण्यांसाठी आमच्या वस्तीत जे केंद्र चालतं, तिथल्या आम्हा स्वयंसेवकांना देशपातळीवरचा सन्मान मिळालाय. बावीस जणांतून व्यासपीठावर जायला माझं नाव काढलं. तुझे बाबा दिवसभर हसताहेत. म्हणाले, घरात जिला कुणी गप्प करू शकलं नाही, तिला गप्प बसण्याचं बक्षीस! पण काम खरंच तेच आहे गं. आलेल्या माणसाच्या समोर बसायचं नाही, खिडकीपाशी शेजारी बसायचं. लोकरीची लड त्याच्या हातात द्यायची, आपण गुंडा करत राहायचं. हात गुंतले की तोंड आपोआप उघडतं. मग फक्त ऐकायचं. असं करा, तसं करा, देव बघून घेईल, यातलं काही म्हणायचं नाही. पहिलं वर्षभर मी जीभ चावूनच बसले.

व्यासपीठावर दोन मिनिटं बोलायचंय, केंद्रात कशी आले ते. इथेच माझं डोकं चालेनासं झालंय. सात वर्षांपूर्वी तू अंथरुणातून उठेनाशी झालीस. शेजारणींना मी सांगायची, पोरगी अभ्यास करतेय. आणि तुला? आंघोळ कर, नामस्मरण कर, सगळं ठीक होईल. एका मंगळवारी मी कुणाला न सांगता केंद्रात गेले, तुझ्यासाठी मदत मागायला. दारातल्या ताई नव्या स्वयंसेविकेची वाट बघत होत्या. मलाच ती समजून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात, या, सही करा." वहीचं डावं पान मदत मागणाऱ्यांचं, उजवं मदत करणाऱ्यांचं. मी उजवीकडे सही केली. सुटल्यासारखं वाटलं गं मला. तुझं नाव न काढताच घरी आले. पुढे आठ महिने तू तशीच पडून होतीस, आत्यानं तुला डॉक्टरांकडे नेईपर्यंत.

परक्या माणसांचं ऐकलं म्हणून हा बिल्ला. तुझं नाही ऐकलं, त्याचं काय? खरं बोलावं तर तुझं दुखणं चारचौघांत जातं. खोटं बोलावं तर बिल्ला टोचतो. देवापुढे तासभर बसले, पण तो काही बोलला नाही. तोही आमच्याच केंद्रात शिकलेला दिसतो. गोष्ट तुझी आहे, तुला न विचारता कशी सांगू? नको म्हणालीस तर बिल्ला परत पाठवीन, तसं सांग. हो म्हणालीस, तर दुसरं तिकीट तुझ्यासाठी ठेवू का, तेही सांग. रागावून लिहिलंस तरी चालेल. उलट टपाली कळव. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
आई