नऊ तासांची एक तबकडी

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, फुशारून जाऊ नकोस. कानात अजून तो आवाज आहे. तुझ्या जुन्या कॅमेऱ्याचं झाकण खट्‌ करून उघडायचं, कॅसेट आत सरकायची आणि बारीक घरघर सुरू व्हायची. ती ऐकली की वर्गातल्या पोरांआधी तुझी वहिनीच केस सारखे करायची. आमच्या शाळेची संमेलनं तू वर्षानुवर्षं टिपलीस, हे खरं. तसं तू चारचौघांत ऐकवतोसही.

पण ती गेल्यावर मी सहा कॅसेटी तुझ्या दुकानात विश्वासानं आणून दिल्या, आणि तू हातावर काय ठेवलंस? एक तबकडी. ‘दादा, नऊ तास एका डीव्हीडीत मावत नाहीत, दाबावं लागेल.’ दाबलंस. आता तिचा चेहरा फरशीसारखा चौकोनी चौकोनी दिसतो. हसली की गालावरच्या फरश्या निखळतात. आवाज तर रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. वर कात्रीही चालवलीस. चांदण्याची कविता म्हणताना ती शेवटच्या कडव्याला अडली होती, मी पडद्यामागून ओळ पुरवली होती आणि तिला हसू आवरेना, आठवतं? तुझ्या तबकडीत ती अडतच नाही. कविता आणि लगेच टाळ्या. लहानपणी मी पाठांतर घ्यायचो तेव्हा तू मधली कडवी अशीच गिळायचास. साठी आली तरी खोड तीच.

म्हणून दुकानात येऊन गिऱ्हाइकांदेखत तुला खाटीक म्हणालो. शब्द मागे घेत नाही. तू मान वर न करता म्हणालास, ‘घरी जाऊन आपली चिठ्ठी वाचा, दादा.’ एरवी अरेतुरे करणारा तू, त्या दिवशी मला ‘वाचा’ म्हणालास. ते जास्त लागलं. तेव्हापासून मी फोन केला नाही, आणि परवा केला तर तू उचलला नाहीस.

चिठ्ठी तबकडीच्या पाकिटातच निघाली. माझंच अक्षर, तांबडी शाई. ‘सगळं एकाच तबकडीत बसव. जिथे चूक असेल तिथे काप.’ चाळीस वर्षं वह्या तपासलेला हात, दुसरं काय लिहिणार? आमच्या दोघांचे आवाज एकत्र असलेली तेवढी एकच जागा होती, आणि ती मीच चुकीत काढली. कॅसेटीही तबकडी मिळताच मीच कचऱ्यात टाकल्या. आता ती अडते ते फक्त तुझ्या कॉम्प्युटरवर. आणि तुझ्या दुकानातली ती उद्धट पाटी मला पाठ आहे: काम दिल्यापासून महिन्यानं मूळ चित्रण पुसलं जाईल. महिना उद्या भरतो. हे पत्र शेजारणीच्या हाती पाठवतोय ते एवढ्यासाठी. माफी मागत नाही. पुसू नकोस. तबकडीत बसत नसेल तर

मधेच बेल वाजली. शेजारीण लवकर आली म्हणून दाराच्या भिंगातून पाहिलं, तर तू. वहिनीच्या तेराव्यानंतर जो हा जिना चढला नाही, तो धापा टाकत उभा आहे. काखेत दुकानातल्या कॉम्प्युटरचं अख्खं खोकं, वायरी पायात लोंबतायत. दार उघडतो. आधी चपला बाहेर काढ.

नाइलाजानं का होईना, तुझाच,
दादा