कापूसची आंघोळ

नरक चतुर्दशी, १९९८. संध्याकाळ.

सशाचे कान अजून गारच आहेत.

सकाळपासून दोन्ही म्हशी धुतल्या, भादरल्या, तेल लावून चकचकीत केल्या. पाडव्याच्या मिरवणुकीत आमच्या म्हशींच्या अंगावरची केस भादरून काढलेली नक्षी बघायला गल्ली लोटते. कुणाकडे न शिकता हात बसवलाय मी. त्याच तोऱ्यात दुपारी मनीषाचा ससा उचलला. पोरगी भाऊबीजेला सासरहून, वारणानगरहून येणार. तिचा कापूस पांढराशुभ्र दिसावा, एवढंच मनात होतं. उटणं, मऊ ब्रश, कोमट पाणी. पाणी कोपरानं तपासलं होतं. मग चुकलं कुठं?

दुसरा तांब्या ओतला आणि त्यानं अंगच टाकलं.

ही चुलीपासून ओरडली, "आवो, म्हस हाय व्हय ती? सशाला कोन पानी घालतंय? पोरीनं जाताना बजावलं न्हवतं?"

बजावलं होतं. "बाबा, त्याला नुसता कोरडा ब्रश मारा. पाण्यानं ससा भेदरून गार पडतो." मी म्हणालो, मला जनावरं शिकवू नकोस.

दवाखाना सणामुळं बंद. तेव्हापासून त्याला टॉवेलात गुंडाळून अंगातल्या बंडीच्या आत पोटाशी धरलंय. एका हातानं हे लिहितोय. पुन्हा कान चाचपले. गार.

"लिवत काय बसलाय? जितं हाय का बघा की."

मघाशी काहीतरी हललं. तो हलला, का माझाच श्वास? कानच तेवढे पुन्हा पुन्हा चाचपतोय. त्याच्या छातीवर बोट ठेवायचं धाडस होत नाही.