चुंबकाच्या खुर्चीची हकीकत

सिडको, नाशिक
शनिवार

आदरणीय जयरामदाजी,

सविनय जय भीम. इकडे मी, मंजुषा, चैताली आणि तुमच्या सासूबाई असे चौघेही धडधाकट आहोत आणि एकमेकांशी बोलत आहोत (ही दुसरी गोष्ट आमच्या घरात रोज घडतेच असं नाही, म्हणून मुद्दाम लिहिली). ताईची शुगर आणि मनमाडचं पाणी, दोन्ही सध्या काय म्हणतात? फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शेजारचे वाल्मीकभाऊ देतात. म्हणून पत्र.

कारण असं, की 'कुंदनच्या डोक्याला शॉक दिले आणि आता तो हसतो' अशी बातमी नांदगावच्या बाजारात फिरते आहे म्हणे. ती अर्धवट आहे. शॉक दिले नाहीत. चुंबक लावलं. हसतो, हे खरं आहे. तेव्हा घरच्या माणसाला तरी सगळं मुळापासून माहीत असावं.

गेली दोन-तीन वर्षं मी उदास होतो एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पण उदास हा शब्द बरोबर नाही, दाजी. उदास माणसाला रडू येतं, मला तेही येत नव्हतं. सकाळी एक मोजा घालून पलंगाच्या काठावर बसायचो, तर दुसरा मोजा हातात तसाच, आणि बाहेर चैतालीची शाळेची रिक्षा हॉर्न वाजवून निघूनही जायची. अंबडच्या कंपनीत माझं काम माल तपासून खराब तो बाजूला काढायचं (तिथे मला पाठीमागे 'नापास मास्तर' म्हणतात, हे मला माहीत आहे). तिथे समोर दोन पार्ट ठेवले तर कुठला चांगला, कुठला वाईट, याची मला फिकीरच वाटेना. शेवटी रजा टाकली. गोळ्या सुरू होत्याच. डॉक्टरांनी तीनदा बदलून दिल्या. एकीने तोंडाला कोरड पडली, एकीने पोट सुटलं, आणि मन होतं तिथेच राहिलं. एका संध्याकाळी मंजुषा कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला मी सहज, भाजी काय आणू विचारावं तशा आवाजात म्हणालो, की मी नसलो तरी तुमचं चालेल. तिने हातातली घडी खाली ठेवली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्या रात्री ती झोपली नाही, हे मला फार नंतर कळलं.

डॉक्टर म्हणजे कॉलेज रोडच्या सायलीबाई. वयाने आपल्या पुतणीएवढ्या, पण धाक हेडमास्तरचा. त्या म्हणाल्या, गोळ्यांना दाद न देणाऱ्या आजारासाठी एक चुंबकाचं मशीन आहे. डोक्याला बाहेरून टेकवतात, ते टकटक करतं आणि आतला जो भाग सुस्तावला आहे त्याला ढोसतं. भूल नाही, झोपवणं नाही, उठून रिक्षाने घरी. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो. मी 'बरं' म्हणालो. त्या दिवसांत कोणी 'चंद्रावर जा' म्हटलं असतं तरी मी 'बरं'च म्हणालो असतो.

आईला हे समजावताना मात्र मंजुषाचा घाम निघाला. आईचा पहिला प्रश्न, "चुंबक लोखंड वढतं. याच्या डोक्यात लोखंड हाय का?" आम्ही हसण्यावारी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला. डोक्यात, डोळ्यात, कानात कुठे धातू आहे का? आता मी तरुणपणी लेथवर होतो तेव्हा डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. तो काढला होता, पण पुरता निघाला की नाही कोण सांगणार. झालं, सगळं थांबलं. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढून आणा, मग खुर्ची. आईने त्या रात्री सुवर्णाकाकूंना (समोरच्या ब्लॉकमधल्या, ज्यांना सांगितलेली गोष्ट पवननगरपर्यंत आपोआप पोचते) सांगितलं, की डॉक्टरला जमेना ते मी न शिकता वळखलं. एक्स-रेत काहीही निघालं नाही. आई थोडी नाराज झाली.

मग खुर्ची. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी, मागे कलणारी. अंगठी, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या, सगळं काढून ठेवायचं, कानात बोळे घालायचे. राकेश नावाचा मशीन चालवणारा माणूस माझ्या डोक्याला पोहण्याची टोपी घालून तिच्यावर टेप लावून खुणा करू लागला, शिंप्यासारखा. पहिल्या दिवशी जोर किती ठेवायचा ते ठरवतात. त्यासाठी चुंबक डोक्यावर डावीकडे फिरवत एक जागा शोधतात, आणि ती सापडली की आपला उजवा अंगठा आपोआप उडतो. दाजी, मी अंगठ्याकडे बघत होतो आणि तो माझी परवानगी न घेता टुणकन उडाला. शेजारी बसलेली मंजुषा कसनुशी हसली. मला हसू आलं नाही, पण हे हसण्यासारखं आहे एवढं कळलं. पुष्कळ महिन्यांनी तेवढं तरी कळलं होतं.

खरा डोस कपाळाच्या डाव्या अंगाला. कुणीतरी तिथे स्टेपलर मारतंय असं वाटतं, आणि डावी भुवई आपली आपण नाचते. पहिले काही दिवस दुखतं, खोटं कशाला सांगू. डोकंही जड होतं. मग सवय होते. वीसेक मिनिटांत सुट्टी. रविवार सोडून रोज जायचं, आणि हे काही आठवडे चालतं. फरक मात्र काही नाही. दोन आठवडे गेले, तिसरा लागला, मोजा आपला हातातच. एका सकाळी मी मंजुषाला सांगितलं की पुरे, मी जाणार नाही. ती समजावून थकली, मग रडली, मग कामावर निघून गेली.

आई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि मला म्हणाली, "तुला नाय जायचं तर नको जाऊ. मी जाते. माझा गुडघा लय दिवसाचा धरलाय." आणि खरंच गेली. तासाभराने राकेशचा फोन. आजी खुर्चीत बसल्यात, चुंबक गुडघ्याला लाव म्हणतात, नाही म्हटलं तर उठत नाहीत, आणि बाहेर पेशंट ताटकळलेत. मला दाढी न करता, मिळेल तो शर्ट अडकवून धावावं लागलं. त्र्यंबक नाक्यावर रिक्षा अडकली तेव्हा मी रिक्षावाल्यावर ओरडलो. पोचलो तर तुमच्या सासूबाई खुर्चीत पाय लांब करून निवांत बसलेल्या, आणि सायलीबाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या. मला बघताच आई म्हणाली, "आला ना? आता बस हितं, मी उठते." मी बसलो. मला चिडायलाही वेळ मिळाला नाही, राकेशने तोवर टोपी घातली होती.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी रात्री आम्ही जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, "भाजीला मीठ नाही." बस्स, एवढंच. चैतालीचा हात ताटात थांबला. मंजुषा माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं भाजीत पाल पडली. मी दोन वर्षं समोर येईल ते गिळत होतो, दाजी. एकदा आईने चुकून भाजीत मीठ दोनदा घातलं होतं तेव्हाही ताट साफ केलं होतं. मंजुषा उठून गॅलरीत गेली आणि तिथे पदर तोंडात धरून रडत होती की हसत होती, तिचं तिलाच सांगता येईना. आई तेवढी चिडली. "तीन वर्सं गप गिळलंस, आन तोंड उघडलंस ते माझ्या भाजीला नावं ठेवायला?" मी म्हणालो, बेचव ती बेचवच. ती म्हणाली, मग उद्यापासून तू कर. आमचं असं जुंपलं की सुवर्णाकाकू दारात आल्या. मंजुषाने त्यांना आत घेतलं, साखर दिली आणि सांगितलं, की आमचे हे भांडले.

दुसऱ्या दिवशी तिने सायलीबाईंनाही हेच सांगितलं, आणि त्यांनी ते मोठ्या आनंदाने लिहून घेतलं. पुढे मग मला सगळंच खटकायला लागलं. नळ गळतो, दार करकरतं, चैतालीचं अक्षर किरटं आहे (अक्षर किरटं आहे हे मला दिसलं, यात मी तिची वही पाहिली हे आलंच). कंपनीत रुजू झालो त्या दिवशी सुपरवायझरने माझ्या नावाने पेढे वाटले. दुपारी मी एक अख्खा लॉट नापास केला, तेव्हा ते पेढे परत मागावेत की काय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सगळं झाडून गेलं असं मात्र नाही. गोळी चालू आहे. एखादा दिवस ढगाळ निघतो, तेव्हा मंजुषाला सांगतो. पुन्हा कधी खुर्ची लागू शकेल असं सायलीबाई म्हणाल्या आहेत. लागली तर बसेन. ताईला नमस्कार. आईने तुम्हाला जय भीम सांगितला आहे.

आपला,
कुंदन

ता.क. : आईचा गुडघा हाडांच्या डॉक्टरकडे दाखवला. त्याने चुंबक न लावता तेल चोळायला सांगितलं, म्हणून तो डॉक्टर कच्चा आहे असं तिचं मत आहे.

ता.क. दुसरा : दाजी, आता ज्यासाठी एवढा कागद खर्च केला ते लिहितो. परवा ताईने अंगणात जाऊन, स्पीकर बंद करून मला फोन केला आणि सांगितलं. रिटायर झाल्यापासून तुम्ही वर्कशॉपच्या मित्रांना दारातूनच परत लावता, दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडता, आणि विचारलं तर 'मला काय झालंय' म्हणता. मीही हेच म्हणायचो, आणि याच आवाजात म्हणायचो. तिने तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी सांगितलं. तिला काही बोलू नका.

सायलीबाईंशी बोललो आहे. सोमवारी दहाची वेळ धरली आहे. भिऊ नका, पहिल्याच भेटीत कोणी खुर्चीत बसवत नाही. आधी नुसतं विचारतात, ऐकतात. कदाचित तुमचं साध्या गोळीवर भागेल. लोकांना सांगायला कारण हवं तर सासूबाईंचा गुडघा बघायला निघालो म्हणा, गुडघा खरोखरच सुजलेला आहे. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुमच्या हातात पडेल. रविवारी दुपारी मी मनमाडला येतो, रात्री तुमच्याकडेच मुक्काम करतो, आणि सोमवारी पहाटे पंचवटी एक्सप्रेसने दोघे निघू. 'नको' म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा, फोनवर मी ऐकणार नाही. आणि नको म्हणालात तर परत जाणार नाही. तुमच्या शेजारी, त्याच भिंतीकडे तोंड करून पडून राहीन, आणि तुम्हाला माहीत आहे, मी घोरतो.