कारण : धारक मयत

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. एसटी बदलून बदलून अंग आंबलं, पण मन खूश आहे. आमच्या अकोले तालुक्यात घराबाहेर पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार. इथं श्रीगोंद्याकडं नजर जाईल तिथवर सपाट, आणि सगळा ऊस. छबूबाई म्हणून एक एकट्याच राहणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या माडीवरची खोली मिळाली. आल्या आल्या त्यांनी गरम भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी वाढली. म्हणाल्या, लेकीसारखी ऱ्हा, लाजू नगं. आईला फोन करून सगळं सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, मागून ओरडून विचारत होते की पंखा आहे का. आहे. उद्यापासून साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात हजर. पुण्यात इतकी वर्षं दुसऱ्यांचे घोळ निस्तरले. इथं विभागात मी एकटीच.

५ नोव्हेंबर

राधाकृष्ण साहेबांनी काम समजावलं. ते कारखान्याचे मॅनेजर, बोलणं मोजकं. इथं कागदी पास बंद झालेत. प्रत्येकाकडं कार्ड आहे, आणि कार्डात त्याचं डिजिटल प्रमाणपत्र. कार्ड गेटला टेकवलं की मशीन सर्व्हरला विचारतं, हे प्रमाणपत्र चालू आहे की रद्द? माणूस नोकरी सोडून गेला किंवा वारला की त्याचं प्रमाणपत्र कारण लिहून रद्द करायचं. सर्व्हरला हा प्रश्न विचारणारं प्रोग्राममधलं जे फंक्शन आहे ते जुनं आणि गचाळ आहे. ते मी नव्यानं लिहायचं.

चाचणीसाठी वजनकाट्यावरच्या सहादेव क्लार्कनी स्वतःचं कार्ड दिलं. पन्नाशीचा गमत्या माणूस. त्यांची मुलगी संस्कृती यंदा दहावीला आहे, तिला कॉम्प्युटर शिकवाल का, असं लगेच विचारून टाकलं. हो म्हटलं.

१० नोव्हेंबर

जुनं फंक्शन उघडलं आणि हसूच आलं. सर्व्हरचं उत्तर आलं नाही तर ‘चालू’. उत्तर ‘रद्द’ आलं तरी ‘चालू’. म्हणजे दार कायमच उघडं. आधीच्या प्रोग्रामरनं वर टीप लिहिली होती: उत्तर काहीही येवो, ऐकू नये.

मग मंजुरीच्या चिठ्ठ्या पाहिल्या. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाला कार्ड द्यायचं, कुणाचं रद्द करायचं, सगळ्याला शेतकी अधिकाऱ्याची डिजिटल सही लागते. आजच्याही सगळ्या चिठ्ठ्यांवर बिभीषण या नावाची सही आहे. हे साहेब भेटले नाहीत कधी, असं मी सहादेवना म्हटलं. त्यांनी काट्याचा आकडा वहीत उतरवला. मग म्हणाले, बिभीषणअण्णा मागच्या हंगामात गेले. यार्डात ट्रॉली उलटली, उसाखाली सापडले.

राधाकृष्ण साहेबांना विचारलं तर म्हणाले, हंगाम सुरळीत चाललाय, तेवढं सोडून बाकीचं करा. आवाज चढवला नाही, पण पाणी प्यायला उचललेला पेला तसाच खाली ठेवला.

१४ नोव्हेंबर

सही करायची गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते. तिची नक्कल होत नाही. म्हणजे ज्याच्याकडं डोंगल, तोच सही करतोय. मी धरून चालले होते की कुणीतरी लबाडी करतंय. म्हणून दुपारी बिभीषण यांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नी केशरबाई. पाणी दिलं, चहा टाकला. मी डोंगलचं नाव काढलं आणि त्यांनी चहाखालचा गॅस बंद केला. डोंगल देव्हाऱ्यात होतं, हळदकुंकू वाहिलेलं. घरात कॉम्प्युटर नाही. डोंगल कशालाही जोडलेलं नव्हतं, आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी बघत असतानाच माझ्या मोबाईलवर कारखान्याचा मेसेज आला. नवी चिठ्ठी मंजूर, सही बिभीषण.

मी हात पुढं केला तर बाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, त्यांचं काम चालू हाय, तुमी मधी पडू नका. अजून वळ आहेत.

१८ नोव्हेंबर

केलं. बिभीषण यांचं प्रमाणपत्र सहीची वाट न बघता थेट सर्व्हरवरून रद्द केलं. कारण लिहिलं, धारक मयत. नवं फंक्शन चढवलं. उत्तर ‘रद्द’ आलं की दार बंद, उत्तर आलंच नाही तरी दार बंद. कुणाचंही काही ऐकायचं नाही. मेलेल्या माणसाच्या सहीवर कारखाना चालतो हे मला मान्य नाही.

त्यांच्या सहीच्या सगळ्या चिठ्ठ्या गेटवर नाकारल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत. ऊस उन्हात वाळतोय, बैल गाडीला जुंपलेले तसेच. खिडकीवर दगड आला. ऑफिसातलं कुणी उठून बघायलाही गेलं नाही. सहादेवनी तेवढे काचेचे तुकडे उचलले.

छबूबाईंनी आज जेवायला हाक मारली नाही.

२० नोव्हेंबर

बिभीषण यांचं प्रमाणपत्र पुन्हा ‘चालू’. मी केलेली नोंदच नाही. पुन्हा रद्द केलं. डोळ्यांदेखत ‘चालू’ झालं. रांग हलली, गाळपाच्या गव्हाणीत ऊस पडायला लागला. सगळे माझ्याकडं बघत होते.

राधाकृष्ण साहेब एवढंच म्हणाले, तुम्हाला सांगितलं होतं. फंक्शन आता आहे तसंच राहू द्या म्हणाले. अण्णांना आवडलंय.

२४ नोव्हेंबर

सहादेवचं कार्ड काट्याला चालेना. सर्व्हरला विचारलं. रद्द. कारण, धारक मयत. सही बिभीषण.

आम्ही दोघं हसलो. मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला, म्हटलं हा पुरावा. मग ते गेटवर गेले. रोज त्यांच्या डब्यातली चटणी खाणारा वॉचमन छगन, त्यानं विचारलं, कोण तुमी? कोणाकडं काम हाय?

सहादेव हसले नाहीत मग.

२५ नोव्हेंबर

गेटवर फ्लेक्स लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली सहादेवचा कार्डावरचा फोटो. ते आणि मी त्याच्याखाली उभे राहून वाचत होतो. लोक म्हणतात, काल यार्डात ट्रॉली उलटली. कालच जाळलं म्हणतात. काल त्या वेळी ते माझ्यासमोर चहा पीत होते.

कुणाला जाळलं मग?

ते घरी गेले. परत आले. म्हणाले, संस्कृती दारात होती, माझ्या आरपार रस्त्याकडं बघत राहिली. मी त्यांना म्हटलं, मी काढते यातून. काहीही करून काढते.

१ डिसेंबर

सहादेवचं प्रमाणपत्र पुन्हा चालू करायचा रोज प्रयत्न करतेय. काही होत नाही. माझ्याच फंक्शनला फट नाही. इतकं पक्कं लिहिलंय मी.

सहादेव ऑफिसच्या पायरीवर बसून असतात. काही खात नाहीत. आज त्यांनी मला विचारलं की त्यांच्या मुलीचं नाव काय. मी सांगितलं. दोनदा सांगितलं.

३ डिसेंबर

नदीवर सहादेवचा दशक्रिया विधी. त्यांनी नेलं म्हणून गेले. सगळं गाव होतं. संस्कृतीनं पिंड ठेवला. सहादेव तिच्या शेजारी उभे, तिला हाका मारत होते. बेटा, हिकडं बघ. मी हिथं हाय. कावळा शिवेना. लोक कुजबुजायला लागले, काहीतरी इच्छा राहिली म्हणून. तेव्हा राधाकृष्ण साहेब पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, सहादेव, पोरीचं शिक्षण कारखाना बघेल.

सहादेव हाक मारायचे थांबले.

कावळा शिवला.

संस्कृतीच्या शेजारी सहादेव नव्हते. ओल्या वाळूत पावलं होती, नुसती उभी असलेली.

सगळे माघारी वळले, आणि एकेक जण माझ्याकडं बघून गेला. केशरबाईसुद्धा होत्या.

४ डिसेंबर

मोबाईलमधला फोटो पाहिला. खुर्ची आहे. चहाचा कप आहे.

नोकरी सोडते. उद्याच जाते.

५ डिसेंबर

ऑफिसचं दार उघडलं नाही. सामान आत राहिलं. छगननं विचारलं, कोण तुमी?

मोबाईलवरून सर्व्हरला माझं नाव विचारलं.

रद्द. कारण—

मी लिहिणार नाही ते.

६ डिसेंबर

एसटीला हात केला. थांबली नाही. दुसरी पण नाही. मधोमध उभी राहिले तर ड्रायव्हरनं वेगही कमी केला नाही. मीच बाजूला उडी मारली. गुडघा फुटला. रक्त आलं. म्हणजे मी आहे. रक्त येतंय म्हणजे—

आई फोन उचलत नाही. वाजतोय, नुसता वाजतोय.

छबूबाई माझी गादी उन्हात टाकतायत. कपडे गाठोड्यात. मी त्यांचा पदर धरला. त्यांनी पदर सोडवून घेतला. म्हणजे कळलं त्यांना! मान वर न करता म्हणाल्या, जा आता. आमाला हिथं ऱ्हायचं हाय.

त्यांना दिसते मी. सगळ्यांना दिसते. सगळ्यांना—

७ डिसेंबर

गेटवर फ्लेक्स. माझा कार्डावरचा फोटो. हसतेय त्यात.

दुपार

दादा आलेत. अकोल्याची जीप, शेजारचे दोघं सोबत. मी जीपच्या पुढं गेले, काचेवर हात मारले. दादा समोर बघत होते. डोळे सुजलेले. त्यांना खरंच दिसत नाही. या लोकांसारखं नाही. त्यांना खरंच—

सरकारी दवाखान्यात नेतायत त्यांना. मी मागं पळतेय.

दवाखाना. मागची खोली. खिडकीतून बघतेय, वही भिंतीला लावून लिहितेय. कुणाला तरी कळायला हवं. राधाकृष्ण साहेबांचा हात दादांच्या खांद्यावर आहे. स्ट्रेचरवर पांढरी चादर. खाली कोण आहे? मी तर इथं—

चादर उचलली.

दादा, नीट बघा. नीट बघा. ती मी नाही.

दादांनी मान हलवली. हो म्हणाले. माझी सुकन्या म्हणाले.

साहेबांनी कागद पुढं केला. ओळख पटल्याची सही हवी. दादा, नका. मी ओरडतेय. त्यांनी खिशातून पेन काढलं. हात थांबलाय. खिडकीकडं बघतायत. बघतायत माझ्याकडं. दादा मी इथं आहे इथं आहे

साहेब काहीतरी म्हणाले. दादांनी डोळे पुसले. पेन टेकवलं. सहीचं पहिलं अक्षर काढलं. माझी बोटं— वही धरता येत ना